बारा दहाची घंटा

हिरामणनं सुटीची घंटा दिली तेव्हा कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. सुटी असते बारा पन्नासला. शिपायाच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत या माणसाची घंटा कधी दोन मिनिटं इकडची तिकडं झाली नव्हती. मुलं चेष्टेनं म्हणायची, मामाची घंटा ऐकून कर्जतचा स्टेशनमास्तर घड्याळ लावतो. आणि त्या दिवशी चांगली चाळीस मिनिटं आधी! व्हरांड्याच्या तुळईला तारेनं रुळाचा तुकडा टांगलेला, हातात बाभळीच्या दांड्याचा लोखंडी हातोडा, आणि घंटा देणाऱ्याची नजर फाटकाकडं.

फाटकात दोन टेंपो येऊन उभे राहिले होते. त्यांतून तीसेक माणसं उतरली. कुणाच्या हातात काठ्या, एकाच्या हातात जळक्या ऑइलचा डबा. हिरामणला त्यांतला प्रत्येक जण नावानिशी ठाऊक, कारण सगळे त्याच्याच गावचे, कडावच्या पलीकडचे. सगळ्यात पुढं त्याच्या थोरल्या भावाचा, बुधाजीचा मुलगा पदू. मोहोपाड्याला कंपनीत कंत्राटावर जाणारा, एरवी काका दिसला की मोटरसायकल थांबवून मागं बसवणारा. त्यानं येताच विचारलं, ऋषिकेश सर कुठल्या वर्गात हाय.

हिरामणला वाटलं, घंटा दिली की चारशे पोरं व्हरांड्यात लोटतील आणि त्या गर्दीत सर ग्रंथालयाच्या मागच्या दारानं निसटतील. घाईत सुचलेली अक्कल ती. एवढंच ध्यानात आलं नाही की हा माणूस सहा वर्षांत एकदाही मागच्या दारानं गेला नव्हता.

सर नेहमीसारखे पुढच्या जिन्यानं खाली आले. काखेत पुस्तकं, बोटांना खडू. त्यांना काही कळायच्या आत पहिली लाथ पोटात बसली. ते वाकले तसा पाठीवर काठ्यांचा मारा सुरू झाला. चष्मा पडला, त्यावर कुणाची तरी टाच आली. डोक्यावर ऑइल ओतलं. एक मुलगी ओरडत पुढं झाली, तिला वेणी धरून मागं भिरकावलं. बाकीची मुलं भिंतीला चिकटली. काहींनी मोबाइल वर धरले. सरांच्या कानातून रक्त यायला लागलं तेव्हा पदू त्यांच्या छातीवर बसला.

"आमच्या घराण्याचं हे तुला सांगितलं कोणी?" त्यानं विचारलं. "नाव सांग. सोडतो."

सरांचा एक डोळा ऑइलनं बंद झाला होता. उघड्या डोळ्यानं त्यांनी हिरामणकडं पाहिलं. किती वेळ? हिरामणला विचाराल तर तो म्हणेल, एक तास.

"लेख माझा आहे," सर म्हणाले. "खाली नाव माझंच आहे."

पदू उठला आणि त्यानं काकाच्या हातातला हातोडा घेतला. दोघांनी सरांचा उजवा हात फरशीवर दाबून धरला. पहिल्या दोन घावांचा आवाज हाडाचा आला, तिसऱ्याचा फरशीचा.

सगळं मिळून सात-आठ मिनिटं. टेंपो गेले, हातोडा पदूबरोबर गेला. इतिहासाच्या सुरभी मॅडम धावत आल्या, ओढणी फाडून त्यांनी तो हात बांधला आणि सरांना गाडीत घालून शिळफाट्याच्या एका दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर हिरामण, मांडीवर सरांचं डोकं. 

आता हे सगळं झालं कशावरून? एका दगडावरून.

हिरामणच्या गावच्या वेशीवर एक वीराचा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली हातात शस्त्र घेतलेला माणूस. नाव नाही, गाव नाही. चैत्रात गावाची राखण असते, म्हणजे गावाच्या रक्षणासाठीचा सण. बोकड पडतो, उंबऱ्यामागं एक असे मटणाचे सारखे वाटे सागाच्या पानांवर मांडले जातात आणि घरोघर जातात. वाटे सगळ्यांना सारखे, पण मुंडी एकाच घराला. दगडातला वीर ज्या घराण्याचा, मुंडीचा मान त्याचा. तो मान बुधाजीच्या घरात, म्हणजे हिरामणच्याच घराण्यात. का, तर लुटारू आले तेव्हा त्यांच्या पूर्वजानं एकट्यानं वेस राखली. खालची आळी म्हणते, साफ खोटं, तो वीर आमचा. यावरून आजोबांच्या काळात डोकी फुटली होती. मुंडीत खायचं असं असतं तरी काय? पण माणसं त्यासाठीच छाती काढून चालतात, त्याला काय करणार!

तिसरं सांगणं हिरामणच्या आईचं होतं. राखणीचं जेवण झालं की ती उठून दार लोटून घ्यायची, आवाज खाली आणायची आणि दोन्ही मुलांना सांगायची, की वेशीवर लढला तो आपला पूर्वज नव्हे. लढला तो त्याचा नांगऱ्या गडी, आदिवासी वाडीवरचा कमळ्या ठाकूर. आपला पूर्वज भाताच्या कणगीत दडून बसला होता. कमळ्या पडला, लुटारू गेले, तेव्हा हा बाहेर आला आणि दगड आपल्या नावानं बसवून मोकळा झाला. हे आईला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. सांगून झालं की आई म्हणायची, आता तोंड पुसा आणि इसरा. आणि दार उघडायची.

बुधाजी विसरला. हिरामणला काही ते जमलं नाही.

ऋषिकेश सर मराठी शिकवायचे. मूळचे नगरकडचे, इथं दर वर्षी नवा करार. त्यांचं म्हणणं असं, की सत्य म्हणून एकच एक वस्तू कुठं ठेवलेली नसते. कोण सांगतो, कशासाठी सांगतो आणि कुणाला सांगू दिलं जात नाही, ते बघायचं. या विचाराला उत्तर-आधुनिक म्हणतात, असं सुरभी मॅडम जरा नाक मुरडूनच म्हणायच्या. स्टाफरूममध्ये त्या दोघांची रोज जुंपायची. मॅडम म्हणायच्या, सांगणी शंभर असू द्यात, घडलं ते एकच. काहीच पक्कं नाही असं एकदा म्हणालात, की ज्याच्या हातात काठी त्याचंच पक्कं ठरतं. सर म्हणायचे, काठीवाल्यांचंच तर आजवर सत्य म्हणून शिकवलं, म्हणून बाकीच्यांना विचारायचं. चहाचा ट्रे घेऊन उभ्या हिरामणची मान दोन्हीकडं डोलायची. त्याला खरं तर दोघांचंही पटायचं. चहा मात्र निवायचा.

एके दिवशी सरांनी त्याला ग्रंथालयात बसवलं, खुर्चीवर, आणि विचारलं, हिरामणभाऊ, तुमच्या गावच्या दगडाचं काय हो? एकवीस वर्षांत त्या इमारतीत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. चहात साखर किती, एवढं सोडून. तो बोलत गेला. घराण्याचं सांगून झालं, खालच्या आळीचं सांगून झालं, आणि मग, दार सताड उघडं असताना, त्यानं आईचंही सांगितलं.

कॉलेजच्या वार्षिक अंकात सरांचा लेख आला, दगड एक आणि सांगणी तीन. यातलं कुठलंच शेवटचं मानू नये, असं त्यांनी लिहिलं होतं. हिरामणचं नाव नव्हतं, 'गावातले एक गृहस्थ' एवढंच. मोबाइलवर एका पानाचा फोटो फिरला, कणगीचं पान. त्या संध्याकाळी खालची आळी पदूला पाहून हसली. म्हणाली, कणगीतून आलास का रं. दुसऱ्या दिवशी टेंपो निघाले.

मारहाणीनंतर आठवडाभर गावात सगळे शांत. पोलिसांत तक्रार होती ती अनोळखी इसमांविरुद्ध. सरांनी अजून कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ज्या मुलांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं त्यांच्या घरी गावची माणसं जाऊन आली आणि दोन दिवसांत सगळं पुसलं गेलं. मग एका सकाळी पदू दोन मित्रांना घेऊन हिरामणच्या अंगणात आला. हातात कुऱ्हाड. भिंतीला टेकलेली हिरामणची सायकल त्यानं आडवी केली आणि चाकं, दांडी, सीट, एकेक करून तोडली. घाईनं नाही, लाकडं फोडावीत तशी. हिरामणची बायको सोनाबाई दारात उभी होती. या पोराला तिनं लहानपणी मांडीवर घेतलेलं. शेवटचा तुकडा झाल्यावर पदू म्हणाला, "काका, तुमी काय पायलं नाय." आणि काकीच्या पाया पडून गेला.

दुपारी बुधाजी आला. तो ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. त्याला पोराची काळजी होती, हे तोंडावर दिसत होतं. म्हणाला, "पोराला ठावं नाय ते कोणी सांगितलं. मला ठावं हाय. आई दोघांनाच सांगायची. तू गप ऱ्हा, मी गप ऱ्हातो."

"दादा, मग तुला आठवतं तर," हिरामण म्हणाला.

बुधाजी पाठ फिरवून निघून गेला.

संस्थेनं चौकशी समिती नेमली. कॉलेजची जागा गावानं दिलेली, त्यामुळं गावाच्या वतीनं बुधाजीलाही बोलावलं. प्राचार्यांनी टिपण वाचलं: घटना कॉलेज सुटल्यानंतरची, हाणामारी फाटकाबाहेर, हल्लेखोर अनोळखी. कॉलेज सुटलं होतं याला चारशे मुलं साक्षीला, कारण घंटा सगळ्यांनीच ऐकली होती. एका कारकुनानं सांगितलं, सर स्वतःच बाहेर गेले. दुसरा म्हणाला, पाय घसरून पडले. जागा कुठली आणि मारलं कोणी, याचे पाच जणांचे पाच जबाब झाले. हिरामणला कुणी बोलावलं नव्हतं. तो पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता.

अध्यक्षांच्या हातात तो वार्षिक अंक होता. त्यांनी हसतच विचारलं, "सर, तुम्हीच लिहिलंय ना, प्रत्येकाचं सत्य त्याच्या जागेवरून दिसतं? इथं पाच जागांवरून पाच दिसतायत. समितीनं कुठलं धरायचं, सांगा."

 सहा वर्षं स्टाफरूम गाजवणारा माणूस त्या दिवशी नुसता आपला हात बघत बसला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर आलेली दोन बोटं काळीनिळी. सुरभी मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्यांच्या लेखातली एकही ओळ मला पटलेली नाही. आजही नाही. पण ती लिहायची की नाही, हे टेंपोतून येऊन ठरत नसतं. मला खोडायचा तर मी लेख लिहून खोडेन." अध्यक्षांनी त्यांना बसा म्हटलं आणि एक कागद पुढं सरकवला. सरांनी लेख मागं घ्यायचा, गावाची माफी मागायची, विषय संपला. करारही पुढच्या वर्षी चालू राहील.

सरांनी कागद वाचला. मग पेनाकडं बघत राहिले, आणि हळूच त्यांचा डावा हात पुढं आला.

हिरामणनं तो डावा हात पाहिला. त्याला माहीत होतं, आता सही झाली की सगळं मिटलं. सायकल मिटली, पदू मिटला, त्याची नोकरी शाबूत, राखणीचा वाटा शाबूत. आणि ते तीन घाव झालेच नव्हते असं होणार. त्यानं ट्रे जमिनीवर ठेवला.

तो म्हणाला, साहेब, सुटीची घंटा मी बारा धाला दिली. पन्नासला नाय. कॉलेज सुटलेलं नव्हतं, तास चालू होता. चूक माझी. त्याला थांबवायला प्राचार्य उठले, पण तो थांबला नाही. मारलं ते फाटकाबाहेर नाय, माझ्या घंटेखाली, जिन्यापासनं तिसऱ्या फरशीवर. फरशी फुटलीय, जाऊन बघा. अध्यक्षांनी विचारलं, मारणारे कोण होते? हिरामणनं तीसच्या तीस नावं घेतली, बापाच्या नावांसकट. सगळ्यात शेवटी पदूचं.

"हातोडा त्यानं माझ्या हातातून घेतला," तो म्हणाला. "मी दिला नाय. पण मी धरूनबी ठेवला नाय."

अध्यक्षांचं हसू गेलं होतं, पण अंक अजून हातात होता. ते म्हणाले, हे तुझं सांगणं झालं. बाकी पाच जणांचंही ऐकलंय आम्ही.

"दगडाची तीन सांगणी असतील, साहेब," हिरामण म्हणाला. "तवा आमच्यातलं कोणीच नव्हतं. इथं मी होतो. फरशीवर रगत होतं ते परत येऊन मीच पुसलं, दोन बादल्या पाणी लागलं. याला दुसरं सांगणं नाय."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो भावाकडं वळला. बुधाजी टोपी मांडीवर घेऊन खाली बघत होता.

"आणि ते तिसरं सांगणं माझं. आईनं सांगितलेलं. सरांनी मार खाल्ला, पण माझं नाव नाय सांगितलं. नाव माझं लिवा."

बुधाजीनं मान वर केली नाही. खोटं आहे, असंही तो म्हणाला नाही. सरांचा डावा हात टेबलावरून मागं गेला.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. पोलिसांनी हिरामणचा जबाब घेतला, फुटकी फरशी उचलून नेली, पदू आणि आणखी सहा जण आत गेले आणि नवव्या दिवशी जामिनावर हार घालून बाहेर आले. हार घालणाऱ्यांत खालच्या आळीचीही माणसं होती. हातोडा पदूनं उल्हास नदीत टाकला होता, तो काही मिळाला नाही. परवानगीशिवाय घंटा दिली म्हणून हिरामणला मेमो आला. त्याला अडगळीच्या खोलीत बसवलं आणि व्हरांड्यात विजेची घंटा लागली. रुळाचा तुकडा भंगारात गेला. सरांनी माफीपत्रावर सही केली नाही, आणि संस्थेनं त्यांचा करार वाढवला नाही.

जायच्या आदल्या दिवशी सर हिरामणच्या घरी आले. चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं धरला. उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत, डॉक्टर म्हणतात वळणारही नाहीत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. दुसऱ्या कॉलेजांत मुलाखती चालल्यात, तिथल्या वर्गात फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं तर मुलं हसतील, असलं काही. मग एकदम म्हणाले, "हिरामणभाऊ, एक विचारू? तुमच्या आईचं सांगणं खरं होतं का?"

हिरामणला हसू आलं. हा माणूस सहा वर्षं मॅडमशी भांडला, आणि आता हे विचारतोय!

"ठावं नाय, सर," तो म्हणाला. "आई सांगायची तेवढं ठावं. ती खोटं बोलणारी नव्हती."

सरांनी मान हलवली. रस्त्यापर्यंत हिरामण त्यांना पोचवायला गेला.

चैत्रातली राखण आली. सोनाबाईनं सकाळीच पाट्यावर मसाला वाटला, खोबरं भाजून, दरवर्षीसारखा. हिरामण तिला म्हणाला नाही, की वाटू नको.  दुपारी ढोल वाजले, बोकड पडला. मग वाटे निघाले. सागाच्या पानाचे द्रोण टोपलीत घालून माणसं आळीआळीनं फिरू लागली. शेजारच्या उंबऱ्यावर वाटा ठेवल्याचा आवाज आला, शेजारीण हसून काही बोलली तेही ऐकू आलं. टोपली हिरामणच्या अंगणासमोरून सरळ पुढं गेली. पलीकडच्या घरी थांबली.

एकवीस वर्षांची घंटा गेली, त्याचं त्याला तितकं वाईट वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं. आजोबांच्या आजोबांपासून या उंबऱ्याचा वाटा कधी चुकला नव्हता. तो दाराकडं पाठ करून बसला, आणि सोनाबाईनं तोच मसाला घालून बटाट्याचा रस्सा केला.

ताटं वाढली तेव्हा मुंडीची मिरवणूक आली. पुढं ढोल, मागं परातीत मुंडी, परात पदूच्या डोक्यावर, बाजूला बुधाजी नवी टोपी घालून. घरासमोर आल्यावर ढोल मुद्दाम जोरात वाजायला लागले. कुणीतरी अंगणात दगड भिरकावला, तो तुळशीच्या कट्ट्याला लागून उडाला. सोनाबाई हातातला घास ताटात ठेवून उठली आणि तिनं दाराची फळी ओढली.

"ऱ्हाऊ दे गं उघडं," हिरामण म्हणाला.

"अवो, दगड मारतात."

"मारू दे. बस तू."

ती बसली. हिरामणनं पाट फिरवला, आणि दाराकडं तोंड करून, ढोलावरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो सांगायला लागला, की आपल्या वेशीवर एक दगड हाय, त्याच्यातल्या माणसाचं नाव कमळ्या. ढोलवाल्यांपैकी एकाचा हात थांबला. बुधाजी परातीशेजारी उभा होता तिथंच राहिला, आणि सगळं सांगून होईपर्यंत तो पुढं गेला नाही. मग हिरामणनं तोंड पुसलं आणि सोनाबाईला आणखी थोडा रस्सा वाढायला सांगितला.